तोटा कोणाचा?

इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात बेकवेल ते ब्लॅकवेल मिल अशी साडेआठ मैलांची ‘मॉन्सल ट्रेल’ आहे. तेथे जुन्या पुलांवरून, बोगद्यांतून मुले निर्धास्तपणे सायकली चालवितात, आया बाबागाड्या ढकलतात. या आनंदाला कोण नाक मुरडील? परंतु ही वाट लंडन-मँचेस्टर लोहमार्गाच्या कलेवरावर उभी आहे. १९६३ साली बीचिंग अहवालाने जमाखर्चाच्या निकषावर २,३६३ स्थानके बंद करण्याची शिफारस केली. रेल्वेमार्गांची ही कत्तल थांबविण्याचे वचन देऊन मजूर पक्ष १९६४ मध्ये सत्तेवर आला; आणि त्याच्याच राजवटीत, १९६८ मध्ये, हा मार्ग मिटला! समाजवादी म्हणविणाऱ्यांनीच भांडवलदारी हिशेबवहीपुढे मान तुकवली. ज्याच्यापाशी मोटार नव्हती, त्याच्या प्रवासाचे मोल त्या वहीत कोठे होते? पुढे जमीन राष्ट्रीय उद्यानाच्या ताब्यात आली, म्हणूनच १९८१ मध्ये ही वाट व २०११ मध्ये तिचे मोठे बोगदे लोकांना खुले झाले. सार्वजनिक मालकीचा हा विजय खराच. तथापि सायकलवाट रेल्वेच्या शेजारी हवी, तिच्या थडग्यावर नव्हे. मार्ग ‘तोट्यात’ असल्याची भाषा जेथे ऐकू येईल, तेथे कार्यकर्त्यांनी पहिला प्रश्न विचारावा: तोटा कोणाचा?