शाळेतली प्रार्थना, कोर्टाचे निकाल आणि मोबाईलवरचा गोंधळ

नंदुरबार : शाळा आणि धर्म यावर कोर्टाचा निकाल आला की त्याची बातमी धडगाव, अक्कलकुवा भागातल्या पाड्यांवरही पोहोचते. पण निकाल पोहोचत नाही. पोहोचतो तो अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आणि त्याखालची एक ओळ, 'आपण जिंकलो' नाहीतर 'आपल्यावर अन्याय झाला'. मग पारावर, चहाच्या टपरीवर आणि गावाच्या ग्रुपवर दोन तट पडतात. आपल्या गावातल्या शाळेला तो निकाल लागू आहे का, हे कोणी विचारत नाही. खरं तर पहिला प्रश्न तोच आहे.

चेंबूरच्या कॉलेजचंच घ्या. हिजाबबंदीच्या विरोधात नऊ विद्यार्थिनी मुंबई हायकोर्टात गेल्या होत्या. 26 जून 2024 ला हायकोर्टाने त्यांची याचिका फेटाळली. 9 ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने हिजाब, टोपी आणि बॅज यांच्यावरच्या बंदीला तात्पुरती स्थगिती दिली, पण वर्गात बुरख्याला परवानगी दिली नाही. म्हणजे दोन महिन्यांत दोन्ही बाजूंनी एकदा-एकदा पेढे वाटले, आणि शेवटचा निकाल तर अजून लागायचाच होता. 'स्थगिती' म्हणजे 'निकाल' नाही, एवढं जरी समजलं तरी निम्मी भांडणं मिटतील.

त्याआधी कर्नाटकातही तसंच झालं. 15 मार्च 2022 ला तिथल्या हायकोर्टाने वर्गातली हिजाबबंदी कायम ठेवली. 13 ऑक्टोबर 2022 ला सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी एकमेकांच्या उलट मत दिलं आणि प्रकरण मोठ्या पीठाकडे गेलं. या भांडणात काही मुलींचे पेपर बुडाले. पेढे वाटणाऱ्यांचं काही गेलं नाही, नुकसान झालं ते मुलींचं.

नाशिकच्या शिक्षकाचा निकाल

आपल्या भागाला जास्त लागू पडतो तो नाशिकचा निकाल, पण त्याची चर्चा फार कमी झाली. तिथल्या एका अनुदानित शाळेतले शिक्षक प्रार्थनेच्या वेळी उभे राहायचे, पण हात जोडत नसत. संस्थेने त्याला बेशिस्त ठरवलं आणि त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडली. 2013 मध्ये मुंबई हायकोर्टाने शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणावर हात जोडायची सक्ती करता येत नाही, असं कोर्टाने सांगितलं. नीट वाचलं तर कोर्टाने प्रार्थना बंद करा असं म्हटलेलं नाही. सक्ती नको, एवढंच म्हटलं.

असाच जुना निकाल केरळचा आहे. तिथली तीन मुलं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण त्यांच्या पंथाच्या श्रद्धेमुळे गात नव्हती. त्यांना शाळेतून काढलं. 1986 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं. उभं राहिल्याने आदर झाला, न गाण्याने अपमान झाला नाही, असा त्या निकालाचा अर्थ.

कायदा काय सांगतो?

राज्यघटनेच्या कलम 28 मध्ये दोन गोष्टी सरळ आहेत. एक, जी शाळा पूर्ण सरकारी पैशावर चालते तिथे धर्माचं शिक्षण देता येत नाही. दोन, सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण किंवा पूजा-प्रार्थना असेल, तर कोणालाही त्याच्या संमतीशिवाय त्यात बसवता येत नाही. मूल लहान असेल तर संमती पालकाची.

धर्माची माहिती देणं मात्र वेगळं. सगळ्या धर्मांची ओळख अभ्यासात असू शकते, असं सुप्रीम कोर्टाने 2002 मध्ये सांगितलं. म्हणून दिवाळी, ईद, नाताळ किंवा होळीवर धडा असला म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही.

रोजच्या प्रार्थनेचा मोठा प्रश्न मात्र मोकळाच राहिला. केंद्रीय विद्यालयांतल्या संस्कृत-हिंदी प्रार्थनेविरुद्धची याचिका जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी घटनापीठाकडे पाठवण्यासाठी ठेवली. तेव्हा 'कोर्टाने प्रार्थना बंद केली' हे खोटं, आणि 'कोर्टाने प्रार्थना सक्तीची केली' हेही खोटं.

नंदुरबारचं वेगळेपण

आपल्या जिल्ह्यात शंभरातले जवळपास सत्तर लोक आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी. कोणी याहामोगीला मानतो, कोणी वाघदेवाला, नवापूर भागात ख्रिस्ती कुटुंबं बरीच आहेत, अक्कलकुवा-शहाद्याकडे मुस्लिम वस्ती आहे. एका वर्गात एवढी घरं एकत्र बसतात. बऱ्याच पालकांचं म्हणणं साधं असतं, पोरगं शिकलं पाहिजे, देव घरी आहे. दुसरे म्हणतात, प्रार्थनेने वळण लागतं, त्यात वाईट काय? दोन्ही म्हणणी खोटी नाहीत. खानदेशात तर अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींची प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून म्हटली गेली. ती कोणाला कधी परकी वाटली नाही, कारण तिच्यात कोणा एकाचा देव नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेत परिपाठ दहा-वीस मिनिटांचा. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, सुविचार, मग मूल संध्याकाळी घरी. आश्रमशाळेचं तसं नाही. तिथे मूल दिवसरात्र असतं. सकाळची प्रार्थना, जेवणाआधीचा श्लोक, संध्याकाळची आरती असेल तर तीही, सगळं तिथेच. संमती पालकाची हवी, पण पालक दिवाळीनंतर ऊसतोडीला नाहीतर गुजरातेत मजुरीला. प्रवेशाच्या फॉर्मवर अंगठा घेतला म्हणजे संमती झाली का? प्रार्थनेला तोंड बंद ठेवणाऱ्या सहावीतल्या पोराला उठवून सगळ्यांसमोर उभं केलं, तर ते कोणाला फोन करणार? पुढच्या सुट्टीत घरी आलेलं पोर परत जात नाही, आणि कारण कागदावर 'सतत गैरहजर' एवढंच राहतं.

गावाच्या हातात काय?

यासाठी हायकोर्टात जायची गरज नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती लागते. तिच्यात किमान 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला हव्यात. अल्पसंख्याक संस्थांच्या आणि इतर अनुदानित शाळांत ही समिती फक्त सल्ला देते, सरकारी शाळेत मात्र तिच्या शब्दाला वजन आहे. परिपाठात काय म्हटलं जातं, ज्याला म्हणायचं नाही त्या मुलाला गुपचूप उभं राहू देतात का, हे बैठकीत विचारता येतं आणि इतिवृत्तात लिहून घेता येतं. आश्रमशाळेच्या बाबतीत नंदुरबार आणि तळोद्याच्या प्रकल्प कार्यालयात लेखी अर्ज देता येतो.

मागणी मात्र सगळ्यांसाठी एकच हवी. आपल्या पोरावर दुसऱ्याची प्रार्थना लादू नये असं वाटत असेल, तर आपली प्रार्थना दुसऱ्याच्या पोरावर लादता येणार नाही. नाशिकचा निकाल एवढंच सांगतो. पुढच्या वेळी ग्रुपवर निकालाचा व्हिडिओ आला, तर फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी बघा. शाळा सरकारी, अनुदानित की खासगी? निकाल शेवटचा की तात्पुरता? आणि कोर्टाने बंदी घातली, की फक्त सक्ती काढली?