‘अर्धवट श्रद्धा’ कोणाची?



चर्चची शिकवण पारखून घेणारा ख्रिस्ती ‘अर्धवट श्रद्धेचा’, आणि हे खूळ म्हणे पाश्चात्त्य! गेल्या अंकातील लेखाने घरचा इतिहास तरी पाहायचा.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि पुढे तिथल्याच अँग्लिकन भगिनींशी पत्रांतून वाद घातला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन नको, संस्कृत हवे, इथपर्यंत. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशन सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

सदसद्विवेकाविरुद्ध वागण्याची सक्ती नको, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच लिहून ठेवले. मर्जीप्रमाणे शिकवण निवडण्याची मुभा त्यात नाही, हे खरे. पण लेखाने परिषदेचा उल्लेखच गाळला आहे.

– एक वाचक, बोरिवली (पश्चिम)