चालतंय, पण चालणार नाही!

घरातली जुनी वस्तू काढायची म्हटलं की आपला हात अडखळतो. ‘चालतंय ना अजून? मग राहू दे की!’ हे आपल्या प्रत्येकीच्या तोंडचं वाक्य. म्हणूनच ‘प्रिंटर चांगला आहे हो, पण नव्या विंडोजवर चालणार नाही’ असं दुकानदाराने सांगितलं की डोकंच फिरतं. यंत्र बिघडलेलं नाही, शाई भरलेली आहे, मग अडतंय कुठे?

अडतं ते ‘ड्रायव्हर’पाशी. नाव ड्रायव्हर असलं तरी हा खरा दुभाषी. संगणकाचं म्हणणं प्रिंटर, स्कॅनर, मोडेम अशा यंत्रांना समजावून सांगणारा हा छोटासा प्रोग्रॅम. दुभाषीच गेला की धडधाकट यंत्रही मुकं होतं.

मग हे ड्रायव्हर काढून टाकतात तरी का? नवा माल खपवायला, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण ते पूर्ण खरं नाही. अनेक ड्रायव्हरांना संगणकाच्या अगदी आतल्या खोलीपर्यंत मुभा असते. शेजारणीकडे विश्वासाने ठेवलेल्या घराच्या किल्लीसारखं. शेजारीण गाव सोडून गेली आणि किल्लीचा पत्ता लागेना, तर आपण कुलूप बदलतोच ना?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने नेमकं हेच केलं. विंडोजसोबतच येणारा, एजिअर मोडेमचा जुना ड्रायव्हर एका अपडेटमधून काढून टाकला. त्यातल्या त्रुटीतून संगणकाचा ताबा मिळवता येत होता आणि तिचा गैरफायदा घेतला जाऊ लागला होता. मोडेम वापरात नसला तरी धोका होताच! म्हणजे काढणं योग्यच. पण ज्यांचा फॅक्स त्या मोडेमवर चालत होता, त्यांचं यंत्र त्या अपडेटसरशी गप्प झालं. आणि त्याच दिवशी विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभालही संपली.

कधी कारण सुरक्षेचं, तर कधी देखभालीच्या ओझ्याचं. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये ३८६ प्रोसेसरच्या संगणकावर लिनक्स लिहिली. पण डिसेंबर २०१२ मध्ये त्याच ३८६ चा आधार लिनक्समधून काढण्यात आला, कारण त्याच्यापायी बाकीच्यांचं काम वाढत होतं. 

तेव्हा निवृत्तीला विरोध नाही. प्रश्न आहे तो निरोप देण्याच्या रीतीचा. प्रिंटर कंपन्यांच्या वेगवेगळ्या ड्रायव्हरांबाबत मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्येच २०२७ पर्यंतचे टप्पे जाहीर केले. चालू प्रिंटर बंद पडणार नाहीत आणि नव्यांसाठी एक सामाईक ड्रायव्हर असेल, हेही सांगितलं. ही रीत बरी. पण हे कळलं कुणाला? तंत्रज्ञांना! शहरातल्या कचेरीने काढून टाकलेला संगणक गावातल्या शाळेला, महिला मंडळाला, बचत गटाला ‘देणगी’ म्हणून मिळतो. देखभाल संपलेली प्रणाली आणि दुभाषी हरवलेला प्रिंटर, दोन्ही तिथेच येऊन पोचतात. गटाचे हिशेब, कर्जाची कागदपत्रं त्याच संगणकात असतात. धोका तिथे, अडचणही तिथे, आणि सूचना मात्र भलतीकडेच!

म्हणून कंपन्यांकडे मागणी एकच. अपडेट करण्याआधी पडद्यावर स्वच्छ मराठीत लिहा, ‘यानंतर तुमचं अमुक यंत्र चालणार नाही.’ हे सांगायला फार मोठं तंत्रज्ञान लागत नाही.

आपणही थोडं सावध होऊ या. जुना संगणक स्वीकारताना ‘यावर कोणती प्रणाली आहे, तिला सुरक्षा अपडेट अजून मिळतात का?’ हे विचारायचं. प्रिंटर घेताना ‘मोप्रिया’ किंवा ‘आयपीपी’ची सोय आहे का, तेही विचारायचं, म्हणजे वेगळ्या ड्रायव्हरवाचून तो चालण्याची शक्यता वाढते. आणि खरंच टाकायची वेळ आली तर ते यंत्र भंगारात घालायचं नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवरही आहे.

गटाच्या पुढच्या सभेत वर्गणीच्या हिशेबानंतर हे प्रश्न नक्की मांडा. ‘देणगी आहे, कसं विचारायचं?’ असा संकोच मात्र करू नका.