विश्लेषण : मोबाइलवरचे ‘+१’ म्हणजे नेमके काय?

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला. आपलेही मूल असे खेळावे, हे गंगापूरसारख्या तालुक्याच्या गावातल्या पालकांना वाटणे स्वाभाविकच. अडचण वेगळीच आहे. डाव संपतो, मुलगा पट आवरत असतो आणि वडील मोबाइलवर चाली भरून विचारतात, ‘अरे, इथं प्लस दोन होतं, घालवलंस कसं?’ मुलाकडे उत्तर नसते. तो आकडा कसा तयार होतो, हे वडिलांनाही ठाऊक नसते.

इंजिन सगळ्या चाली पाहते का?

नाही. बुद्धिबळात एका स्थितीत साधारण ३५ चाली शक्य असतात. दोन्ही बाजूंच्या मिळून चार चाली पुढे पाहायच्या, तरी शक्यता १५ लाखांवर जातात. म्हणून इंजिन छाटणी करते. एखाद्या चालीला प्रतिस्पर्ध्याकडे जबर उत्तर आहे असे एकदा दिसले, की तिची बाकीची उत्तरे तपासण्याची गरज उरत नाही. चाली उत्तम क्रमाने घेतल्या तर १५ लाखांऐवजी सुमारे अडीच हजार शक्यता पाहून तेच उत्तर मिळते. ही ‘अल्फा-बीटा’ छाटणी बिनधोक.

पुढची छाटणी मात्र अंदाजाची. मोसंबीच्या बागेत सल काढताना कुणी फारसा विचार करत नाही. हिरव्या फांदीला कात्री लावताना करावाच लागतो. इंजिन समजते, की आपण इतके मागे आहोत की ही साधी चाल ती तूट भरून काढणार नाही, म्हणून ती पाहायचीच नाही. ‘इतके’ म्हणजे किती? तो एक आकडा आहे, आणि तो कुणीतरी ठरवलेला आहे. दुसरी युक्ती म्हणजे आपली चाल सोडून दिली तरी वर्चस्व टिकते का, ते पाहणे. टिकत असेल तर इंजिन खोलात जात नाही. पण काही एंडगेममध्ये चाल करावी लागणे हाच तोटा असतो. तिथे ही युक्ती फसते.

मग बोनस कशाचे?

पूर्वी इंजिनमध्ये गुण माणसे हाताने लिहीत. दोन्ही उंट शाबूत असतील तर बोनस, वाट मोकळी असलेल्या प्याद्याला बोनस. लॅरी कॉफमन यांनी १९९९ मध्ये असंख्य डाव तपासून उंटांच्या जोडीची किंमत अर्ध्या प्याद्याएवढी काढली होती. गंमत अशी, की बोनस बदलला की छाटणीचे आकडेही बिघडतात, कारण ‘किती मागे’ हे त्याच गुणांत मोजलेले असते. त्यामुळे ‘मला वाटते’ याला इथे किंमत नाही. नवे इंजिन जुन्याशी १०० डाव खेळून ५५ गुण मिळवते, तेही नशीब असू शकते. स्टॉकफिशमध्ये प्रत्येक बदल स्वयंसेवकांच्या संगणकांवर हजारो डाव खेळवून तपासला जातो. बहुतेक बदल नापास होतात. २०२० मध्ये तिथे न्यूरल नेटवर्क आले आणि २०२३ मध्ये हाताने लिहिलेले गुण काढून टाकले गेले. छाटणीचे आकडे मात्र आजही असेच घासून घ्यावे लागतात.

पालकांना माहीत असायला हवी ती गोष्ट तर यापुढेच आहे. डिसेंबर २०२२ पासून स्टॉकफिशचे ‘+१’ म्हणजे एक प्यादे जास्त, असे राहिलेले नाही. त्या स्थितीतून स्टॉकफिश स्वतःशीच खेळले तर जिंकण्याची शक्यता ५० टक्के, असा त्याचा अर्थ आहे. स्टॉकफिश विरुद्ध स्टॉकफिश! सातवीतला मुलगा विरुद्ध आठवीतला मुलगा नव्हे. शिवाय मोबाइलने दोन सेकंदांत दिलेला आकडा दोन मिनिटांनी बदलूही शकतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : डाव संपल्यावर पहिली दहा मिनिटे मोबाइल खिशात राहू द्या. कुठे अडलास, काय दिसले, काय दिसले नाही, हे मुलाला आधी सांगू द्या. मग इंजिन उघडा, आणि आकड्यापेक्षा त्याने सुचवलेल्या चालींची ओळ पटावर मांडून पाहा. ती ओळ मुलाला समजली तर चूक त्याची. पाच वेळा मांडूनही घरात कुणालाच कळली नाही, तर त्या ‘प्लस दोन’वरून त्याला रागावण्यात काय अर्थ?

आणि घरात अभियांत्रिकीला जाणारी ताई किंवा दादा असेल, तर त्यांना सांगा, की स्टॉकफिशचा सगळा कोड फुकट आणि खुला आहे. त्यातला छाटणीचा एक आकडा बदलून, रात्रभर लॅपटॉपवर डाव लावून सकाळी निकाल पाहता येतो.