एक पगार, तीन पंचांगे

प्रति,
मा. अध्यक्ष महोदय,
केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ, नवी दिल्ली



पुसदसारख्या तालुक्याच्या गावी लहानसहान पगारदारांची आणि दुकानदारांची आयकराची विवरणपत्रे भरून देणाऱ्या माझ्यासारख्याने थेट आपल्या मंडळाला लिहावे, असा प्रसंग सहसा येत नाही. परंतु नेपाळातील जलविद्युत प्रकल्पांवर कामाला जाऊन परत येणाऱ्या आमच्याकडील तरुण अभियंत्यांचे हिशेब मांडताना जी अडचण वारंवार आडवी येते, तिचे मूळ कराच्या दरात नसून कालगणनेत आहे, अशी माझी खात्री झाल्यामुळे हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

दोन अंमलांत पाय ठेवून जगण्याची सवय आमच्या मुलखाला जुनी आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि १९०२ साली सालीना २५ लाख रुपयांच्या बोलीवर ते कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडेच राहिले, तरी कागदोपत्री मालकी निजामाची. आणि त्या निजामाचा प्रत्यक्ष अंमल मात्र पैनगंगा ओलांडून हदगाव-किनवटकडे गेल्यावर सुरू होई. त्या भागाला आमची माणसे ‘मोगलाई’ म्हणत, आणि माहूरला रेणुकेच्या दर्शनाला जाणाऱ्यालाही ही सरहद्द चुकत नसे. इकडे कलदार, तिकडे हाली सिक्का, सहा कलदारांना सात हाली हा ढोबळ भाव. इकडे इंग्रजी सन, तिकडे फसली. आणि मध्ये करोडगिरीचा नाका. दोन्ही तीरांवर जमीनजुमला असलेल्या एका घरची जुनी वही मी पाहिली आहे: प्रत्येक रकमेपुढे कलदार की हाली याची खूण, आणि खाली बारीक मोडी अक्षरांत नाक्यावर भरलेल्या जकातीची नोंद.

त्या काळचा कायदा परका होता, पण या विषयात तो अगदीच आंधळा नव्हता. १९२२ च्या आयकर कायद्यात शेतीचे उत्पन्न करमुक्त होते ते ब्रिटिश हिंदुस्थानातल्या साराभरू जमिनीचेच, त्यामुळे मोगलाईतल्या शेतातला कापूस त्या व्याख्येत बसत नसे. तथापि संस्थानात झालेली मिळकत प्रत्यक्ष ब्रिटिश हद्दीत आणली जाईपर्यंत तिच्यावर कर न घेण्याची तजवीज पुढे त्याच कायद्याच्या १४ व्या कलमात करण्यात आली. हैदराबादचा स्वतःचा आयकर कायदा १३५७ फसलीतला. तो नीट रुजण्यापूर्वीच सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थानाचा निकाल लागला, आणि १ एप्रिल १९५० पासून भारताचा कायदा तेथे लागू झाला, तेव्हा स्थित्यंतराची झळ लागू नये म्हणून सवलतींचा आदेशही त्याच वर्षी निघाला. सरहद्दीवरच्या माणसाची अडचण सरकारला दिसू शकते, एवढेच यावरून मला दाखवायचे आहे.

आता आजचा दाखला घ्या. एक अभियंता नोव्हेंबरच्या मध्याला नेपाळात जातो आणि पुढच्या ऑगस्टच्या मध्याला परततो. आपल्या एप्रिल ते मार्च या वर्षाच्या मापाने तो दोन्ही वर्षी १८२ दिवसांहून अधिक काळ भारतात असतो, म्हणून दोन्ही वर्षी येथला रहिवासी. आणि सलग नऊ महिने तिकडे राहिल्यामुळे, ३६५ दिवसांत १८३ दिवसांच्या त्यांच्या नियमाने, तिकडचाही रहिवासी. दोन्ही देशांनी २०११ साली केलेला करार अशा पेचातून वाट काढून देतो: कायमचे घर कोठे, जिव्हाळ्याचे संबंध कोठे, असे एकेक विचारीत तो माणसाला एका देशाच्या पदरात टाकतो, आणि तिकडे भरलेल्या कराची वजावट इकडे मिळते. येथवर कोणाची तक्रार नाही. चलनाचाही घोळ नाही. एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, आणि हालीच्या जमान्याशी ताडून पाहता ही चैनच म्हणायची.

अडते ते पुढे. नेपाळचे आर्थिक वर्ष श्रावणात सुरू होऊन आषाढअखेर, म्हणजे जुलैच्या मध्याला संपते. नोव्हेंबर ते मार्चचा पगार आपल्याकडे एका वर्षात, एप्रिलनंतरचा दुसऱ्यात; तिकडे तोच पगार जुलैच्या मध्यापर्यंत सलग एका वर्षात. उत्पन्न दोन वर्षांत विभागले गेल्यास त्याच प्रमाणात वजावट द्यावी, असे १ एप्रिल २०२६ पूर्वीच्या आयकर कायद्याखालचा नियम १२८ सांगतो, आणि ते न्याय्यच आहे. परंतु तिकडचा कर टप्प्याटप्प्याने चढणारा, त्यामुळे वर्षाचा अखेरचा आकडा कळल्याविना प्रमाण काढायचे कशावरून? त्या आकड्याचा दाखला मालकाकडून हाती पडेतो आपली ३१ जुलै उलटून गेलेली असते. ही वजावट मागण्याचा फॉर्म ६७ उशिरा देण्याची मुभा मंडळाने ऑगस्ट २०२२ मध्ये दिली, त्याबद्दल आभार. पण विवरणपत्रातला आकडा मुदतीतच लिहावा लागतो, आणि तो अंदाजाने लिहिलेला असतो.

यावर कडी म्हणजे परदेशी मालमत्तेची अनुसूची. तिच्यात नेपाळातल्या पगाराच्या बँक खात्याची माहिती द्यायची ती जानेवारी ते डिसेंबर या तिसऱ्याच वर्षाची! एक माणूस, एक नोकरी, एक खाते, आणि त्याचा हिशेब तीन पंचांगांनी. ही नोंद राहून गेली तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या जंगम मालमत्तेला त्यातून वगळले, हे उचित झाले. तरी पोरगा परक्या मुलखात राबून आला आणि कायद्याच्या नावातच ‘काळा पैसा’ वाचून बापाच्या तोंडचे पाणी पळाले, असे मी समोर बसून पाहिले आहे. अशा वेळी कलम-पोटकलम समजावून सांगणे व्यर्थ असते.

१ एप्रिल २०२६ पासून नव्या आयकर कायद्याने ‘कर वर्ष’ अशी एकच संज्ञा आणली आहे. माझी विनंती अशी की, करार झालेल्या शेजारी देशांत पगारावर काम करणाऱ्यांपुरते ते वर्ष खरोखर एक करावे: मालमत्तेची माहिती त्याच एप्रिल-मार्चच्या मापाने घ्यावी, मालकाच्या मासिक पगारपत्रकावरून काढलेली वजावट तात्पुरती मान्य करावी, आणि अखेरचा दाखला आल्यावर फरकाची रक्कम नोटीस व दंडाविना भरून घ्यावी. यासंबंधीचे परिपत्रक मराठीतही निघावे. नेपाळचे वर्ष आषाढअखेर संपत असल्याने परिपत्रक त्यापूर्वी हाती आले, तर यंदाच्या विवरणपत्रांना त्याचा उपयोग होईल.

कळावे,
आपला विश्वासू,
एक करसल्लागार
पुसद, जि. यवतमाळ