ओहोटीची शाळा

पालकहो, आपल्या कन्हानचे पाणी वैनगंगा, प्राणहिता व गोदावरी या वाटेने बंगालच्या उपसागरास मिळते. रामाकोन्याच्या कित्येक मुलांनी मात्र समुद्र केवळ पुस्तकात पाहिलेला असतो. मुंबईस २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' ही मंडळी ओहोटीच्या वेळी लोकांना खडकाळ किनाऱ्यावर नेऊन समुद्रफुले, खेकडे, शंखांतील जीव दाखवितात. सुटीत मुले तेथील नातलगांकडे जाणार असतील, तर वडीलधाऱ्यांसोबत अवश्य धाडा. मुलगी म्हणून तिला मागे ठेवू नका. जीव जागचा हलवू नये आणि भरतीपूर्वी परतावे, हे आधी बजावा. ज्यांना प्रवासखर्च झेपत नाही, त्यांनी कन्हानच्या उथळ काठी मुलांसह बसावे. निरखून पाहण्याची सवय तेथेही लागते.