समुद्राच्या पाठीवरचं ओझं

पुण्याच्या मार्केट यार्डात शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन हमाल वाकून चालायचा, तेव्हा व्यापारी, अडते आणि आम्ही गिऱ्हाइकं, कुणालाच त्यात वावगं दिसत नव्हतं. डॉ. बाबा आढाव आणि त्यांची हमाल पंचायत ही संघटना वर्षानुवर्षं भांडली, तेव्हा कुठे पोतं पन्नास किलोवर आलं. पाठ मोडते हे पुण्याला हमालानेच पटवून द्यावं लागलं. समुद्राला मोर्चा काढता येत नाही.

प्रचंड जाळ्याने माशांचा अख्खा थवा घेरणाऱ्या पर्ससीन नौका राज्यात किती असाव्यात, हे डॉ. सोमवंशी समितीने अभ्यास करून सांगितलं. 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने परवाने टप्प्याटप्प्याने 182 वर आणायचं ठरलं. 2021 मध्ये राज्याचा सागरी मासेमारी कायदा सुधारला, दंड लाखांत गेला. तरीही विनापरवाना पर्ससीन आणि मासळी खेचणारे, बंदी असलेले एलईडी दिवे समुद्रात आहेतच. 2019 मध्ये राज्याला अवघी 2.01 लाख टन मासळी मिळाली, 45 वर्षांतली सर्वांत कमी. त्या वर्षी वादळांनीही घात केला, हे खरं. पण वादळांच्या आड लपून आपली सुटका नाही.

मासळी आटली की नौका कमी व्हायला हव्यात. होतं उलटंच. कर्ज फेडायचं असतं, म्हणून मालक मोठं इंजिन बसवतो, जाळ्याचा आस बारीक करतो, आणखी खोल जातो. डिझेलवरच्या कराचा परतावा आपल्याच तिजोरीतून मिळतो. आणि मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे पारंपरिक जाळं, ओढणाऱ्यांच्या वाट्याला रिकामं जाळं येतं. कॅनडात न्यूफाउंडलंडने असेच कॉड मासे ओरबाडले. 1992 मध्ये मासेमारी बंद करावी लागली, हजारो घरांची चूल विझली.

पुणेकर म्हणतील, आमचा काय संबंध? यार्डापासून गणेश पेठेचा मासळी बाजार किती लांब आहे? 2023 मध्ये सरकारने पापलेटची किमान लांबी 135 मिलिमीटर ठरवली. बाजारात तळहातात मावणारी पिल्लं ढिगाने विकली जातात, एकदाही अंडी न घातलेली. मोजपट्टी कुणी लावत नाही. स्वस्त मिळतंय म्हणून आपण दोन किलो घेतो. श्रावण पाळल्याचं पुण्य पदरात बांधणारे आपण, जून-जुलैच्या मासेमारी बंदीतही ताजी सुरमई मागतो. मागणी आपली, लाखो रुपयांचं कर्ज मच्छीमाराचं, आणि गुन्हेगार तेवढा तोच?

परवाने 182 वर आले का, हे मत्स्यव्यवसाय विभागाला विचारा. आणि पिल्लांचा ढीग समोर आला, तर विकत घेऊ नका.